वेळ आणि पैसा दोन्ही सांभाळणारा इंजिनियर : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, म्हणून आपल्या चिटणीसांनी गेले दोन महिने माझ्यामागे लकडा लावला होता. मी म्हटलं, अहो, आयुष्यभर बँकेत लेजर आणि कर्जाच्या फायली चाळलेला माणूस मी, मी काय लिहिणार? पण सोसायटीला पंचवीस वर्षे झाली, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत मोठ्या दुरुस्तीचा विषय येणार आहे. तेव्हा एका अशा माणसाची ओळख करून द्यावी असं ठरवलं, ज्याने उभी हयात बांधकामात घालवली आणि ज्याचा वेळेचा व पैशाचा हिशेब सहसा चुकला नाही. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो तो त्यांच्याच जन्मदिवशी. पण नावापलीकडचं फारसं कुणाला माहीत नसतं, असा माझा अनुभव आहे.

आपल्यातल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्याला ताबा दीड वर्षात मिळायचा होता, तो मिळायला सव्वातीन वर्षे लागली. तेवढा काळ एका हाताने घरभाडे आणि दुसऱ्या हाताने कर्जाचा हप्ता भरला. कुणी बायकोचे दागिने मोडले, कुणी मुलीचे लग्न पुढे ढकलले. बांधकाम रखडते म्हणजे नेमके काय होते, हे आपल्याला पुस्तकात वाचावे लागत नाही. म्हणूनच हे चरित्र आपल्याला जवळचे वाटेल.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ चा. गाव मुद्देनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूरजवळ, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात. मोक्षगुंडम हे त्यांच्या पूर्वजांचे आंध्रातले गाव, तेच नावाला चिकटले. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे विद्वान, घरची स्थिती बेताची. त्यातच लहान वयात वडिलांचे छत्र गेले. मुलगा शिकायला बेंगळूरला आला आणि शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवू लागला. १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजमधून बी. ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंजिनियरिंग शिकायला आपल्या पुण्यात आले. तेव्हाचे कॉलेज ऑफ सायन्स म्हणजेच आजचे सी.ओ.ई.पी. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले. त्यांना बर्कले पारितोषिक मिळाले, म्हणजे ज्या बर्कलेसाहेबाने ठाण्याची रेल्वे आणि बोरघाटाचे काम पाहिले त्याच्या नावाचे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून नेमणूक झाली आणि पहिले पोस्टिंग मिळाले नाशिकला. वय वर्षे तेवीस.

नोकरीच्या सुरुवातीलाच धुळ्याकडे, म्हणजे तेव्हाच्या खानदेशात, त्यांची कसोटी लागली. पांजरा नदीच्या पात्रातून पाइपाचा सायफन टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. ऐन पावसाळा. पूर आला की केलेले खोदकाम गाळाने भरून जायचे. तरुण इंजिनियरने वरिष्ठांना कळवले की काम पावसाळ्यानंतर करावे. बिनचूक तांत्रिक सल्ला, पण वरिष्ठांना तो कामचुकारपणा वाटला आणि तसा शेरा त्यांनी मारला. विश्वेश्वरय्या वाद घालत बसले नाहीत. पावसाच्या उघडिपी साधत, गाळ पुन्हा पुन्हा उपसत, त्यांनी ते काम पुरे केले. वरिष्ठांनी शेरा मागे घेतला. पण मला यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. यानंतर आयुष्यभर त्यांच्या प्रत्येक कामाचे वेळापत्रक पावसाळ्याला धरून आखलेले दिसते. नदी आपल्यासाठी थांबणार नाही, हे ते पांजरेच्या काठी शिकले. आपण मात्र अजून टेरेसचे काम मे महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला सुरू करतो.

१८९४-९५ मध्ये त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. गावाला सिंधू नदीचे पाणी पुरवायचे, पण ते गढूळ. गाळून द्यायचे तर फिल्टर बेड बांधायला हवेत, आणि तेवढे पैसे नगरपालिकेकडे नव्हते. अशा वेळी दोन गोष्टी होतात. एक तर काम बासनात जाते, नाहीतर कर्ज काढून डोक्यावर बोजा होतो. त्यांनी तिसरा रस्ता काढला. नदीच्या पात्रातच विहीर खणली आणि तिच्या तळाजवळ वाळूतून आडवे बोगद्यासारखे मार्ग काढले. वाळूतून झिरपत विहिरीत येणारे पाणी आपोआप गाळले जाऊ लागले. मग ते पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवून गावाला दिले. जे काम पैसे घेऊन करायचे ते नदीच्या वाळूने फुकटात केले. खर्चाला आळा घालणे म्हणजे सिमेंट कमी वापरणे नव्हे, डोके जास्त वापरणे, हे मला या उदाहरणावरून पटले.

त्यानंतर त्यांची बरीच वर्षे पुण्यात गेली. रानडे, गोखले यांच्या वर्तुळात त्यांचा वावर होता. डेक्कन क्लबच्या स्थापनेतही त्यांचा हात होता. मुठा आणि नीरा कालव्यांच्या पाण्यावरून शेतकऱ्यांमध्ये तंटे होत. काही ठिकाणी उसाला वारेमाप पाणी, तर काहींना थेंब नाही. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, कोणत्या गटात कोणते पीक ते ठरवायचे, आणि पाळीपाळीने मोजून पाणी द्यायचे. तेच पाणी जास्त गावांना पुरू लागले.

आणि खडकवासल्याचे दरवाजे! पुणेकरांना हे माहीत असायलाच हवे. शहराला आणि लष्कराच्या कॅम्पाला पाणी कमी पडू लागले होते. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च मोठा आणि जुन्या पायावर भार. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट पाणी वाहून वाया जायचे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीपर्यंत अडवून धरायचे, पातळी त्याच्यावर गेली की पाण्याच्याच जोरावर दरवाजे उघडायचे, पाणी उतरले की आपोआप मिटायचे. ना वीज, ना माणूस. १९०३ च्या सुमारास ते बसले आणि भिंत एक इंचही न वाढवता तलावाची पातळी आठ फुटांनी वाढली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते. सरकारने रॉयल्टी देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. आपण नोकरीत असताना, सरकारच्या वेळात हे काम केले, तर वेगळे पैसे कशाचे, असा त्यांचा हिशेब होता. अर्धशतकाहून अधिक काळ ते दरवाजे काम करीत होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही गेले. मी तेव्हा शाळकरी पोरगा. नदीकाठच्या पेठांतला तो चिखल आणि वास अजून आठवतो. धरण घाईत किंवा दुर्लक्षाने बांधले तर काय होते, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. म्हणून लक्षात ठेवा, वेळेत काम म्हणजे घाईत काम नव्हे.

मुंबई इलाख्यात भारतीय माणसाला चीफ इंजिनियरची खुर्ची मिळणे तेव्हा अशक्यच होते. पुढची वाट बंद दिसल्यावर, १९०८ मध्ये, पंचवीस वर्षे पुरी होण्याआधीच त्यांनी नोकरी सोडली आणि ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासाला निघून गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे बुडाली. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतले. त्यांनी आधी पावसाच्या नोंदी, पाणलोट क्षेत्र आणि जुने फुटलेले तलाव यांचा अभ्यास केला. मग शहराच्या वर, मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन जलाशय सुचवले. उस्मानसागर आणि हिमायतसागर ते हेच. पूर अडवला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. एका खर्चात दोन कामे करायची त्यांची ही खोड शेवटपर्यंत टिकली.

१९०९ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर संस्थानचे चीफ इंजिनियर झाले, आणि त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम पुढे आले. कावेरीवर कन्नंबाडीजवळ धरण, आज आपण ज्याला कृष्णराजसागर म्हणतो ते. वृंदावन गार्डन पाहायला आपल्यातले बरेच जण गेलेत. कारंजी बघून परत आलो, भिंतीकडे किती जणांनी पाहिलं?

अंदाजपत्रक निघाले २ कोटी ५३ लाख रुपये. एका संस्थानासाठी ही छातीत धडकी भरवणारी रक्कम होती. संस्थानच्या अर्थखात्याने नकारघंटा वाजवली. आता मी बँकवाला, माझी सहानुभूती सहसा अर्थखात्याकडे असते. एवढे पैसे घालायचे, परतफेड कुठून, हा प्रश्न विचारायलाच हवा. विश्वेश्वरय्यांचे मोठेपण असे की त्यांनी हा प्रश्न टाळला नाही. उत्तर त्यांच्याकडे तयार होते. शिवनसमुद्र धबधब्यावर १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना विकली जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडायची. वर धरण बांधून पाणी साठवले तर वीज बारमाही मिळेल, खाणी जादा वीज घेतील आणि रोख पैसे मोजतील. त्या पैशातून धरणाचा भार हलका होईल आणि मागाहून कालवे काढून शेतीचे उत्पन्न सुरू होईल. म्हणजे काम दोन टप्प्यांत, आणि पहिल्या टप्प्याच्या कमाईवर दुसऱ्याचा आधार. हल्ली प्रोजेक्ट फायनान्सच्या फायलीत कॅश फ्लोचे तक्ते जोडतात ना, तेच गणित त्यांनी त्या काळी मांडले होते. महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांनी ते समजून घेतले आणि १९११ मध्ये मंजुरी दिली.

मंजुरी मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. खालच्या अंगाला मद्रास इलाखा. त्यांनी आमचे पाणी जाईल म्हणून हरकत घेतली. परवानगी मिळाली ती कमी उंचीपुरतीच. इथे विश्वेश्वरय्यांनी निर्णय घेतला की पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाचाच घालायचा. उद्या उंची वाढवायला मिळाली तर भिंत पाडून पुन्हा पाया खणायची वेळ येऊ नये. यात जोखीम होती. मद्रासला हे रुचले नाही. लवाद झाला, भांडण पुढे वर्षानुवर्षे चालले आणि १९२४ मध्ये करार होऊन तोडगा निघाला. त्या पाण्याचे भांडण तर आपण अजूनही वर्तमानपत्रात वाचतो. पण पाया मोठा घातला होता म्हणूनच पुढे भिंत चढवता आली, एवढे खरे.

सिमेंट तेव्हा परदेशातून यायचे, महाग. त्यांनी भिंत चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांच्या मसाल्यात दगडी बांधकाम करून उभारली. माल स्थानिक, पैसा संस्थानातच राहिला, आणि बोटीची वाट पाहत काम अडले नाही. सुमारे दहा हजार माणसे कामावर होती. त्या भागात हिवतापाचा उपद्रव मोठा, माणसे आजारी पडत. नुसत्या कागदी वेळापत्रकाने काम होत नसते. मजुरांची राहण्याची व्यवस्था, औषधपाणी, दगडाच्या खाणी, चुन्याच्या भट्ट्या या सगळ्याची साखळी जुळावी लागते. यातले एक जरी थांबले तरी बाकी सगळे हात बांधून बसतात, आणि मजुरी मात्र चालू राहते.

१९१२ मध्ये महाराजांनी त्यांना दिवाण केले. पद स्वीकारण्याआधी त्यांनी नातेवाइकांना बोलावून सांगितले की नोकरीसाठी किंवा कामासाठी कुणीही माझ्याकडे शब्द टाकायचा नाही. हे कबूल असेल तरच मी पद घेतो. कंत्राटे कशामुळे फुगतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या अटीचे महत्त्व सांगायला नको.

आणि मग आला १९१५ चा पावसाळा. खाणींना जादा वीज देण्याची तारीख जुलै महिन्याची ठरलेली. त्यासाठी भिंत ठराविक उंचीला पोचायलाच हवी होती. जूनमध्ये नदी चढू लागली. कामावरचे इंजिनियर हबकले, या हंगामात जमणे कठीण असे त्यांना वाटू लागले. एक हंगाम चुकला असता तर सबंध वर्ष गेले असते, वीज नाही म्हणजे उत्पन्न नाही आणि खर्चाचा मीटर चालूच. विश्वेश्वरय्यांनी तारीख हलवली नाही. माणसे वाढवली, साधने वाढवली, दिवे लावून रात्रपाळी सुरू केली, स्वतः दिवाण असूनही कामावर जातीने लक्ष ठेवले. भिंत वेळेत उंचीला पोचली, वीज ठरल्या दिवशी गेली. रात्रपाळीला जादा खर्च आला असणारच. पण एक वर्ष वाया जाण्यापुढे तो खर्च किरकोळ होता. कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे ज्याला कळते त्यालाच पैशाचे नियंत्रण कळते.

पूर्ण धरण व्हायला १९३१ उजाडले. तोवर ते दिवाणपदावरून कधीच दूर झाले होते. कालवा निघाला, मंड्याचा कोरडा मुलूख उसाने हिरवा झाला, साखर कारखाना आला. त्या कालव्याला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कन्नंबाडीसह अनेक गावे पाण्याखाली गेली आणि हजारो माणसांना घरदार सोडून नव्या जागी जावे लागले. कोयनेच्या, उजनीच्या काठच्या लोकांना हे दुःख कळेल. धरणाच्या हिशेबात हा खर्च पुरता कधीच मांडला जात नाही.

दिवाण असताना त्यांनी आणखी एक काम केले, त्याचा मला बँकवाला म्हणून विशेष अभिमान. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली. पुढे ती स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले. नोकऱ्यांत ब्राह्मणेतर, मागास वर्गांना राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर मात्र त्यांचे महाराजांशी मतभेद झाले. निवड गुणवत्तेवरच व्हावी असे त्यांचे म्हणणे, तर महाराजांना शतकानुशतके मागे राहिलेल्यांना संधी द्यायची होती. १९१८ मध्ये त्यांनी पद सोडले. आज मागे वळून पाहताना महाराजांची दृष्टी अधिक दूरची होती असे मला वाटते. मोठा माणूस प्रत्येक बाबतीत बरोबर असतोच असे नाही.

पासष्टीच्या आसपासची त्यांची दोन कामे आपल्या विषयाला अगदी धरून आहेत.

पहिले भद्रावतीचे. म्हैसूर सरकारचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला आणि लगेच तोट्यात गेला. लोखंडाचे भाव पडलेले, खर्च चढलेला. बंद करा असे लोक म्हणू लागले. तेव्हा विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी संचालक मंडळाचे अध्यक्षपद घेतले, पण काम करायला मोकळीक मागून घेतली. बाहेरच्या महागड्या तज्ज्ञांवरचा भर कमी केला, इथली माणसे तयार केली. लाकडाचा कोळसा करताना निघणारे उपपदार्थ विकून पैसा उभा केला. १९२९ पर्यंत कारखाना सावरला. त्यांच्या मेहनतान्याची लाखाच्या वरची रक्कम सरकारने पुढे देऊ केली, ती त्यांनी तंत्रशिक्षणाच्या संस्थेसाठी देऊन टाकली. बेंगळूरची जयचामराजेंद्र संस्था त्यातून उभी राहिली.

दुसरे आपल्या मुंबईचे, बॅकबेचे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत समुद्र हटवून ११४५ एकर जमीन तयार करायची योजना धडाक्यात सुरू झाली. जमिनीचे भाव तेव्हा आकाशाला भिडलेले. सगळा हिशेब त्या भावांवर मांडलेला. प्रत्यक्षात गाळ उपसणारे यंत्र अपेक्षेइतके काम देईना. जो गाळ टाकायचा तो समुद्रातल्या दगडी भिंतीच्या फटींतून पुन्हा बाहेर वाहून जायचा. वर्षे उलटली, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि तोवर जमिनीचे भाव कोसळले. वीर नरिमन यांनी या गैरकारभारावर तोफ डागली, त्यासाठी कोर्टाची पायरी चढले आणि निर्दोष सुटले. १९२६ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. सर ग्रिमवुड मिअर्स अध्यक्ष, आणि सदस्यांत विश्वेश्वरय्या. आठ ब्लॉकपैकी मधले चार सोडून द्यायचे आणि हातातले तेवढे पुरे करायचे, असे अखेर ठरले. आज आपण ज्या मरीन ड्राइव्हवर भेळ खात बसतो ती त्या अर्ध्या राहिलेल्या योजनेचीच जमीन आहे.

कृष्णराजसागर आणि बॅकबे शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही कोटींची कामे, दोन्हीकडे हुशार इंजिनियर. एकीकडे पैसा कुठून परत येणार ते आधी ठरलेले होते आणि गिऱ्हाईक कराराने बांधलेले होते. दुसरीकडे भाव चढतच राहतील या आशेवर सगळी मदार. एकीकडे टप्पे पाडलेले, प्रत्येक टप्पा स्वतःच्या पायावर उभा. दुसरीकडे सगळे ब्लॉक एकदम अंगावर घेतलेले. कर्जखात्यात मी तीस वर्षांत जेवढे रखडलेले प्रकल्प पाहिले, त्यांतले बहुतेक बॅकबेच्या वाटेने गेलेले होते. काम अर्धे राहिले तरी व्याज काही अर्धे राहत नाही.

उत्तर आयुष्यातही ते स्वस्थ बसले नाहीत. भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्था असावी असे पुस्तक त्यांनी १९३४ मध्ये लिहिले. १९५२ च्या सुमारास, नव्वदी ओलांडल्यावर, गंगेवरच्या पुलासाठी जागा निवडायला ते बिहारमध्ये गेले. मोकामाची जागा पक्की झाली आणि १९५९ मध्ये तो पूल सुरू झाला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी पार केल्यावर, बेंगळूरला त्यांचे निधन झाले. समाधी त्यांच्या गावी, मुद्देनहळ्ळीला आहे.

आता शेवटी एक कबुली देतो. सोसायटीच्या स्थापनेनंतर काही वर्षांनी मी खजिनदार होतो. टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचे काम निघाले. कंत्राटदार गोडबोल्या. माल आणायचा आहे म्हणून त्याने साठ टक्के ॲडव्हान्स मागितला आणि मी चेकवर सही केली. बँकेत दुसऱ्यांच्या फायलींवर लाल शेरे मारणारा मी, आपल्याच घरच्या कामात मोजमाप न घेता पैसे देऊन बसलो. तो माणूस दोन आठवडे आला, मग फोन उचलेना. त्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या चार कुटुंबांनी सबंध पावसाळा बादल्या लावून काढला. त्यांपैकी एका घरात म्हातारी आजारी होती. कुणी मला तोंडावर बोललं नाही, पण जिन्यात भेटले की मान खाली जायची. आज पंचवीस वर्षांच्या स्मरणिकेत त्या चारही घरांची मी मनापासून माफी मागतो.

म्हणून येत्या सभेत माझे म्हणणे एवढेच राहील. आधी सगळ्या दुरुस्तीचे पक्के अंदाजपत्रक, आयटमवार. पैसा सिंकिंग फंडातून किती, सभासदांकडून किती आणि कोणत्या महिन्यात, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवायचे. काम टप्प्यांत, आणि प्रत्येक टप्प्याचे मोजमाप झाल्यावरच बिल. काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात राखायची. मध्येच कुणी जादा काम सुचवले तर कमिटीच्या लेखी मंजुरीशिवाय ते करायचे नाही. कमिटीतल्या कुणाच्याही पाहुण्याला कंत्राट नाही. आणि टेरेसचे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करून होळीच्या आत संपवायचे.

यातले काहीही मी शोधून काढलेले नाही. पांजरेच्या काठापासून कावेरीच्या काठापर्यंत एका माणसाने हे करून दाखवले आहे. आपल्याला तर फक्त तीन विंगा आणि एक टेरेस सांभाळायचा आहे.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!